ससा गेला, पाणी तिथेच आहे

ताई,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, वय ६४. १९९५ साली नोकरीसाठी अमेरिकेत आलो. १९९९ च्या मे महिन्यात आई-अण्णा साताऱ्याहून पहिल्यांदा आले, तेव्हा आम्ही पाचजण जुन्या गाडीतून दोन दिवस प्रवास करून फ्लोरिडाला डिस्नेचं मॅजिक किंगडम पार्क बघायला गेलो. अण्णा एसटीत नोकरीला होते, आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर चाललेला माणूस. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. ‘स्प्लॅश माउंटन’ या पाण्यातल्या होडीच्या राइडमध्ये मी त्यांना जवळजवळ ढकलूनच पुढच्या सीटवर बसवलं. टोपी मांडीखाली दाबून बसले. खाली आलो तेव्हा चिंब भिजलेले, आणि असे हसत होते की मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आई खाली पिशव्या धरून उभी होती. त्या राइडवर निघालेला फोटो आजही आमच्या हॉलमध्ये आहे. अण्णा २०१६ मध्ये गेले.

२०२४ च्या थँक्सगिव्हिंगला लेक, जावई आणि पाच वर्षांचा नातू यांच्याबरोबर पुन्हा गेलो. त्या जागी आता ‘तियानाज बायू ॲडव्हेंचर’ ही नवी राइड आहे. होडीत मी नातवाला सांगत होतो की इथे कोल्हा होता, इथे मधमाश्यांची पोळी होती. लेक म्हणाली, “बाबा, प्लीज.” रात्री हॉटेलवर वाद झाला. ती म्हणाली, “ती जुनी राइड एका वर्णद्वेषी सिनेमावरची होती, गेली ते बरंच झालं.” मला कुणी कानफटात मारावी तसं वाटलं. (नातवाला राइड आवडली. परत बसूया म्हणत होता. मी म्हटलं, तू मूळची बघायला हवी होतीस.)

आता येत्या एप्रिलमध्ये लेक पुन्हा सगळ्यांना घेऊन जाणार आहे. आई साताऱ्याहून येतेय, वय ८४. हा तिचा बहुधा शेवटचाच अमेरिका प्रवास. मी येणार नाही म्हणून सांगितलंय. बायको म्हणते, या, पण तोंड बंद ठेवून या. माझं काय चुकतंय? चांगल्या चाललेल्या गोष्टींना हे लोक हात का लावतात?

— जुन्या राइडचा चाहता

दादा,

मी मूळची बोरिवलीची. गोराईच्या जेट्टीवरून लाँचने एस्सेलवर्ल्डला जाणं हा आमच्या पोरवयातला दिवाळीच्या खालोखालचा सण होता. १९८९ साली उघडलेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. माझ्या लाडक्या पाळण्याच्या जागी दुसरा पाळणा आला नाही, कुलूप आलं. तेव्हा राइड गेली म्हणून गळा दाटून येणाऱ्या माणसाला मी हसणार नाही. गेली वीस वर्षं मी फ्लोरिडातल्या टॅम्पात राहते, मॅजिक किंगडमला किती वेळा गेले याचा हिशेब नवऱ्यापासून लपवून ठेवलाय. तुमच्यातलीच आहे मी. म्हणूनच थोडं भांडणार आहे.

आधी लेकीचं बोलणं. ते लागलं तुम्हाला, पण माहिती म्हणून ती बरोबर आहे. त्या राइडमधला ससा, कोल्हा आणि अस्वल डिस्नेच्या १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ या सिनेमातले. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात दक्षिणेतल्या मळ्यावर कृष्णवर्णीय माणसं किती गुण्यागोविंदाने राहतात, असं गोडगोड चित्र त्यात रंगवलं होतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने सिनेमा आला तेव्हाच त्यावर आक्षेप घेतला होता. म्हणजे हे आजकालच्या पोरांच्या डोक्यातलं खूळ नव्हे. पहिला खेळ अटलांटात झाला, तर सिनेमात या सशा-कोल्ह्याच्या गोष्टी सांगणाऱ्या अंकल रीमसचं मुख्य काम करणारे जेम्स बॅस्केट यांनाच तिथे जाता आलं नाही, कारण त्या शहरात तेव्हा काळ्या-गोऱ्यांची बसायची ठिकाणंसुद्धा कायद्याने वेगळी होती. पुढे त्यांना मानद ऑस्कर मिळालं. डिस्नेने हा सिनेमा अमेरिकेत ना कधी कॅसेटवर विकला, ना आज आपल्या ॲपवर ठेवलाय. आणि तरीही त्यातली जनावरं उचलून १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९९२ मध्ये फ्लोरिडात राइड बांधली! कपाटात लपवलेल्या साडीचा काठ कापून परकर शिवावा, तसला प्रकार.

गोष्टी स्वतः वाईट नव्हत्या, हेही खरं. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी त्या. एवढासा ससा आणि दांडगा कोल्हा, जीव वाचवायचा तो अकलेवर. आपल्या पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा ससा याच कुळीतला. तुम्हाला तो आवडला यात लाजण्यासारखं काही नाही. लेकही तुम्हाला काही म्हणाली नव्हती. ती राइडबद्दल बोलली, तुम्ही ते स्वतःच्या अंगावर ओढून घेतलंत. इतकी वर्षं हॉलमध्ये लावलेल्या फोटोवर कुणी डाग दाखवला, असं वाटलं असणार. पण तिने फोटोला हात लावलेला नाही, दादा. फोटोत ससा नाहीच, अण्णा आहेत.

आता चाहती म्हणून माझं मत. राइड बदलायला हवी होती. जानेवारी २०२३ मध्ये बंद केली आणि जून २०२४ मध्ये नवी उघडली. तियाना हे पात्र मला फार आवडतं. २००९ च्या सिनेमातली, न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःचं हॉटेल काढायला धडपडणारी मुलगी, डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. ती घडवताना न्यू ऑर्लिन्सच्या लिआ चेस यांचं उदाहरण समोर होतं, पिढ्यान्‌पिढ्या लोकांना जेवू घालणाऱ्या खऱ्या बाई. राइडमधल्या बाहुल्या तर अशा जिवंत की तियाना मान वळवते तेव्हा आपणही मान वळवतो.

पण गोष्ट कच्ची राहिली आहे. जुन्या राइडमध्ये शेवटच्या चढावर कोल्ह्याने सशाला बांधलेलं, वर दोन गिधाडं बसून टोमणे मारतायत, खालून खडखड, आणि मग ती पन्नास फुटांची धडकी. का पडतोय ते पोटाला आधीच कळलेलं असायचं. नव्या राइडमध्ये काय? तियानाच्या पार्टीला वाजवणारे कमी पडलेत, त्यांना शोधत फिरायचं. सिनेमातली जादूगारीण मामा ओडी जादूने आपल्याला बेडकाएवढं करते आणि ड्रॉपवरून पडताना आपण पुन्हा मोठे होतो. सिनेमातला तो सावल्यांचा मांत्रिक, डॉक्टर फॅसिलिए, त्याला घेतलंच नाही. भीती नाही, खलनायक नाही. फोडणी न दिलेलं वरण. पौष्टिक आहे, पण भुरका मारावासा वाटत नाही.

हे सगळं तुम्ही मला सांगा. मी दोन तास ऐकेन, वर स्वतःचं अर्धा तास सांगेन. होडीत मात्र नाही.

कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. नातू म्हणाला, “परत बसूया.” थीम पार्कमध्ये माणसाला याहून मोठं काय मिळतं? पाच वर्षांच्या पोराने पहिल्यांदा एवढा मोठा ड्रॉप घेतला. उंचीच्या पट्टीजवळ, ४० इंचांच्या खुणेखाली टाचा उंचावून उभा राहिला असेल बिचारा. आणि रडायच्या ऐवजी परत बसू म्हणाला. तुम्ही त्याला सांगितलंत की तू बघितलीस ती खरी नव्हेच. त्याच्याकडे तुलना करायला दुसरी राइडच नाही हो. त्याच्यासाठी मूळची ती हीच.

आता मला सांगा, १९९९ मध्ये अण्णांनी काय केलं? साताऱ्याचा माणूस, पालीच्या खंडोबाच्या जत्रेत लहानपणापासून पाळण्यात बसलेला असणार. होडी चढाला लागल्यावर ते म्हणाले का, की हे काही खरं नाही, आमच्या पालीला बघायला हवं होतंस? त्यांना तो ससा कोण, कोल्हा कोण, याचा पत्ता नव्हता. आजूबाजूच्या गाण्यांतला शब्द कळला नसेल. मुलाने ढकललं म्हणून बसले, टोपी सांभाळली, भिजले आणि हसले. त्या हसण्यात डिस्नेच्या सिनेमाचा वाटा शून्य. पाणी, उंची आणि शेजारी बसलेला मुलगा, एवढ्याच सामानावर ते झालं होतं.

आणि ते सामान अजून तिथेच आहे. नव्या राइडसाठी डोंगर पाडला नाही. पन्हाळ तेच, चढ तोच, ड्रॉप तोच. वरची रंगरंगोटी, बाहुल्या आणि गाणी बदलली. ज्या वळणावर तुमच्या अण्णांनी टोपी दाबून धरली, त्याच वळणावरून तुमचा नातू गेला.

तुम्ही आज जवळजवळ अण्णांच्या त्या वेळच्या वयाचे आहात. १९९९ मध्ये ढकलणारे तुम्ही होतात, आता तुमच्या लेकीची पाळी आहे. तिकिटं ती काढतेय, सकाळी उठून फोनवर रांगांची गणितं ती मांडणार आहे. पूर्वी रांग टाळायचे फास्टपास फुकट मिळायचे, २०२१ पासून त्या सोयीलाही पैसे पडतात, आणि तेही तीच भरणार. तुमच्या वाट्याला आलेली जागा म्हणजे अण्णांची जागा. गप्प बसून पुढच्या सीटवर भिजायचं. मला तर हे प्रमोशन वाटतं.

“हात का लावतात” म्हणून विचारलंत. एक कारण पैसा. नव्या सिनेमाच्या बाहुल्या विकल्या जातात, ते उघड आहे. पण डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असं खुद्द वॉल्ट डिस्ने म्हणायचे. १९५५ पासून ही मंडळी पाडतायत आणि बांधतायत. १९९८ मध्ये याच मॅजिक किंगडममधली ‘मिस्टर टोड’ या बेडकाची राइड बंद होणार म्हटल्यावर चाहत्यांनी टी-शर्ट घालून निदर्शनं केली होती. उपयोग झाला नाही, पुढच्या वर्षी तिथे विनी द पू हे अस्वल आलं. पण करणाऱ्यांनी एक गोड काम केलं. पूच्या राइडमध्ये घुबडाच्या घरात भिंतीवर एक तसबीर आहे, त्यात टोड महाराज घराची कागदपत्रं घुबडाच्या हाती देताना दिसतात. रीतसर खरेदीखत! नातवाला ती तसबीर शोधायला लावा. जुन्याची गोष्ट सांगायची हौस अशी भागवावी. तो हसेल आणि “टोड कोण?” हे स्वतःहून विचारेल. विचारल्यावर सांगा की मनसोक्त.

खरं सांगू का, माझं दुखणं वेगळंच आहे. आपण चाहते मोठ्या राइडसाठी गळे काढतो, पण मोठ्या राइडच्या जागी निदान मोठी राइड येते. जातात त्या संथ गोष्टी. तुम्ही मे १९९९ मध्ये गेलात तेव्हा डोक्यावरून तारेचे पाळणे जात होते, आठवतात? स्कायवे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद झाले. आणि आता जुलै २०२५ पासून पार्कमधली ती नदी, तिच्यातली वाफेची बोट आणि टॉम सॉयरचं बेट, सगळंच गेलं. तिथे ‘कार्स’ सिनेमातल्या गाड्या येणार आहेत. त्या बोटीत काही थरार नव्हता. सावली होती, वारा होता, आणि आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी बसू शकत होते. माझ्या सासूबाई दुपारी उन्हाच्या वेळी तिच्यात बसून सगळ्यांना बेसनाचे लाडू वाटायच्या. त्या बोटीसाठी कुणी टी-शर्ट छापलेले माझ्या तरी पाहण्यात आले नाहीत. तुम्ही-आम्ही सशासाठी रडत होतो, तोवर आजीची बसायची जागा गेली.

म्हणून आता आईंचं बोलू. एवढ्या लांबलचक पत्रात त्यांना जेमतेम दोन-तीन वाक्यं मिळालीत आणि त्यातल्या एकात त्या पिशव्या धरून उभ्या आहेत. ८४ वर्षांच्या बाईंना ड्रॉपवर न्यायचं नाही, हे सांगायला नको. पण त्यांना काय बघायचंय, हे कुणी विचारलंय का? साताऱ्याला फोन करा आणि विचारा. “तुम्ही म्हणाल ते” असं उत्तर येईल, तेव्हा ऐकून सोडून न देता पुन्हा विचारा.

संथ राइड अजून आहेत, शोधाव्या लागतात. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची होडी आहे, १९६४ च्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेल्या राइडचीच ही फ्लोरिडातली बहीण. जगभरच्या बाहुल्या आणि एकच गाणं, ते तीन दिवस डोक्यातून जाणार नाही, तयारी ठेवा. पार्कच्या टुमॉरोलँड या भागात उंचावरून फिरणारी पीपलमूव्हर ही छोटी गाडी आहे. तिच्यात चालत्या पट्ट्यावरून चढावं लागतं, म्हणून आईंचा हात धरायला दोघं हवीत. पार्कभोवती फिरणारी वाफेची आगगाडी आहे, आणि एसटीवाल्याच्या बायकोला गाडीचं वेळापत्रक बघायला आवडेलच. निघण्याआधी त्या आठवड्यात काय दुरुस्तीसाठी बंद आहे, ते लेकीला ॲपवर पाहायला सांगा. गाडी पार्क केल्यावर तळ्यापलीकडे जायला मोनोरेल आणि बोट दोन्ही असतात. बोट घ्या. गेलेल्या बोटीची तेवढीच भरपाई.

व्हीलचेअर दारातच भाड्याने मिळते. आई म्हणतील, मी काय पांगळी झालेय का? त्यांना सांगा, ही पिशव्यांसाठी आहे. अर्ध्या तासाने त्या आपणहून बसतील, हा माझा दोन आयांचा अनुभव. खाणं बाहेरून आत नेता येतं, फक्त काचेची भांडी नकोत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्या, आई कंदी पेढे आणतीलच. दुपारी दोन ते पाच हॉटेलवर परत जाऊन झोप, मग संध्याकाळी पुन्हा. स्प्रिंग ब्रेकच्या गर्दीत सकाळपासून रात्रीपर्यंत आत राहून सगळं ‘वसूल’ करायला गेलात, तर घरची भांडणंच वसूल होतील.

लेकीला आजच फोन करा. लांबण लावू नका. “मी येतोय, आणि मागच्या वेळी नातवाला ‘मूळची बघायला हवी होतीस’ म्हटलं ते चुकलं,” एवढंच म्हणा. सिनेमाचा विषय काढू नका. ती काढेल तर जेम्स बॅस्केटची गोष्ट तिला सांगा. तिला ती कदाचित ठाऊकही नसेल आणि मग तुम्ही दोघं एकाच बाजूला बसून रागावाल.

राइडवर दोनदा जायचं. पहिल्यांदा नातवाबरोबर पुढच्या सीटवर, तो जे दाखवेल ते बघत. ड्रॉपवर फोटो निघतो, तो विकत घ्या, पण जुन्या फोटोसारखी पोझ द्यायला जाऊ नका. दुसऱ्यांदा लेक-जावयाला नातवाबरोबर पाठवा, बायकोलाही पाठवा, आणि पिशव्या तुम्ही धरा. समोर कठड्यापाशी, जिथून होड्या खाली येताना दिसतात, तिथे आईंच्या खुर्चीशेजारी उभे राहा. १९९९ मध्ये तुम्ही होडीत होतात, तुम्हाला अण्णांचं हसणं कळलं ते खाली आल्यावर. वरून सुटलेली होडी, तिच्यात पुढे बसलेला आपला नवरा, हे खालून बघणाऱ्या आई होत्या. त्यांनी काय पाहिलं, आणि भिजलेले अण्णा बाहेर आल्यावर त्यांना काय म्हणाले, ते तुम्हाला माहीत आहे का? नातवाची होडी वर चढेपर्यंत बराच वेळ असतो. विचारा.